बारीक आवाज

सिस्टर इर्मगार्डला आमच्या गावात इरमाबाई म्हणत.
खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी पाहुण्याला घोटभर जात नाही,
ती तांब्याभर गटागटा प्यायची.
महारोग्यांच्या दवाखान्यात, ओसरीवर,
पट्टी सोडण्याआधी प्रत्येकाला नाव विचारायची,
रोजचा असला तरी.
वऱ्हाडी अस्सल बोलायची.
फक्त आम्ही 'ळ'चा 'य' करतो, ती 'ल' करायची.

दवाखान्यात रेडिओ नव्हता.
कोणी भेट दिला तर परत जायचा.

मी दहा वर्षांची, आणीबाणीचं साल.
डोमाजी मास्तर रात्री डोक्यावरून गोधडी घेऊन
लंडनच्या बातम्या ऐकत.
कुडापलीकडे मी. जागी.
जमादार शाळेत आला, खडीसाखर वाटली,
"कोनाच्या घरी रातच्यानं काय चालते, सांगा बरं पोट्टेहो."
पंधरा ऑगस्टचा झेंडा कोण धरणार
ते अजून ठरायचं होतं.
मी हात वर केला.

मास्तरांना जीपमध्ये बसवलं
तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती.
झेंडा मी धरला. काठी जड होती.

तिसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेले.
तिनं दाबून पाहिलं. इथं? इथं?
कुठंच दुखत नव्हतं.
मग मी सांगितलं.

ती धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होती. हात थांबला नाही.
"मी बी दहाची होती, शेवंते.
निला घागरा, पांढरं पोलकं होतं माह्याजवल.
काला रुमाल पाहिजे होता गल्यात
अन् रुमालाले चामड्याची गाठ.
ते कमवा लागे.
शेजारी घड्यालवाला, फोगेल. फोगेल म्हंजे पाखरू.
मोडक्या घड्यालाची चाकं दे मले, भवऱ्यासारखी फिरवाले.
रातच्यानं तो बी कांबल्यात डोकं घालून रेडिओ ऐके.
इतक्या घड्यालांच्या टिकटिकीत
मलेच कसा आयकू आला, देव जाने.
बाईनं इचारलं. म्या सांगतलं.
गाठ भेटली."

मंग?

"मंग लढाई हारलो. बाप बर्फात गेला, कुठं ते नाही मालूम.
शहराच्या इटा झाल्या. आमी पोरी
इटांचा चुना खरडू, रचू, मोजू.
परदेशी शिपाई आले. सारं गाव रांगेनं नेलं
तारेच्या कुंपनात, पाहा म्हने.
मायनं तोंडाले पदर, म्हंजे रुमाल, लावला.
म्हने, आमाले काई मालूम नोतं.
सारेच म्हनत, मालूम नोतं.
मले एक मालूम होता."

पट्टीचं टोक तिनं आत खोचलं.
मी वाट पाहत होते
की आता जवळ घेईल, म्हणेल लेकरूच होतीस.
ती म्हणाली, "मास्तरनीच्या घरी पानी नाही.
जा. बोलू नको काई. भर."

गोडं पाणी दीड कोसावर.
माझ्या डोक्याला चुंबळीचा घट्टा पडला.
मास्तरीण दार उघडायची, भांडं पुढं करायची,
माझ्याकडे न पाहता.

होळीच्या आसपास मास्तर सुटून आले.
फोगेल आला नव्हता.
हा फरक इरमाबाईनं मला
मोजून दाखवला नाही कधी. मीच मोजते.

ती गेली त्या साली तुरीला दृष्ट लागावी असं पीक होतं.
दवाखान्यामागे निंबाखाली पुरली,
पाटीवर गवंड्यानं नाव चुकवलं.
तिची पेटी मीच उघडली.
फडकी, चष्मा, शिवणाची सुई.
चामड्याची गाठ नव्हती. मी शोधली.

आता मी उपकेंद्रावर नर्स आहे.
मास्तर चौऱ्यांशीचे. मंगळवारी त्यांचं बीपी तपासते,
हात पुढं करतात,
पट्टा फुगताना खिडकीबाहेर पाहतात.
उशाला रेडिओ, दिवसभर मोठ्यानं चालू,
गल्लीच्या टोकाला ऐकू येतो.
मी उंबऱ्यात चपला काढते
तेव्हा तो बारीक होतो.

सवय असेल.
विचारलं नाही मी.